भांडणातून उभी राहिलेली शाळा

२०२२ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे होते, अमेरिकेत, कनेटिकट राज्यातल्या वेस्ट हार्टफर्डला. हार्टफर्ड हे विमा कंपन्यांचं गाव. जावई तशाच एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघतात. एका रविवारी लेकीने गाडी शहराकडे घेतली आणि शर्मन स्ट्रीटवर एक पांढरीशुभ्र, चौकोनी, काचांची इमारत दिसली. दारावर पाटी होती, 'हार्टफर्ड इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी फॉर रिलिजन अँड पीस'.

"धर्म आणि शांती. आई, तुझंच कॉलेज बघ," लेक म्हणाली.

ती मला चिडवत होती. त्याच आठवड्यात तिच्या सासूबाईंशी माझा फोनवर खटका उडाला होता, आणि तो शिरपूरवरून. आम्ही बेळगावचे दिगंबर, विहीणबाई पुण्याच्या, श्वेतांबर मूर्तिपूजक. एरवी आमचं गूळपीठ. भाद्रपदात लेक आधी सासरचं आठ दिवसांचं पर्युषण करते आणि ते संपलं की माझं दशलक्षण धरते, असे अठरा दिवस ती बिचारी काढते. पण शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचं नाव निघालं की आम्हा दोघींचाही आवाज चढतो.

इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या बाईला पाटी दिसली की ती कधी लागली हे विचारल्याशिवाय राहवत नाही. गावच्या वाचनालयात लेकीच्या कार्डावर पुस्तकं मिळत होती, दुपारी घरात मी एकटीच असायची. महिनाभर तेच वाचलं. ते नाव अगदी ताजं निघालं, २०२१ सालचं. त्याआधी ती हार्टफर्ड सेमिनरी होती. सेमिनरी म्हणजे पाद्री तयार करण्याची शाळा. ती सुरू झाली १८३३ साली, आणि सुरू होण्याचं कारण होतं भांडण. तेही ख्रिस्ती आणि दुसऱ्या कुणाचं नव्हे. एकाच पंथाच्या, एकाच कॉलेजात शिकलेल्या दोन माणसांचं.

एकाचं नाव नॅथॅनियल टेलर, दुसऱ्याचं बेनेट टायलर. नावंसुद्धा जुळ्या भावांसारखी. दोघेही येलचे पदवीधर, दोघेही काँग्रिगेशनल पंथाचे. टेलर न्यू हेवनला येलमध्येच धर्मशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८२८ साली त्यांनी पाद्र्यांपुढे एक प्रवचन दिलं आणि कनेटिकटभर गदारोळ उठला. जुनं मत असं, की माणूस जन्मतःच बिघडलेला स्वभाव घेऊन येतो आणि देवाच्या कृपेशिवाय त्याच्या हातात काही नाही. टेलर म्हणाले, पाप हे करण्यात आहे, जन्मात नाही. माणूस पाप करणार हे ठरलेलं, पण न करण्याची ताकदही त्याच्यात आहेच. टायलरना हे धर्म बुडवणं वाटलं. पत्रकं निघाली, उत्तरं निघाली, उत्तरांना प्रत्युत्तरं निघाली. शेवटी जुन्या मताच्या पाद्र्यांनी ईस्ट विंडसरला जमून आपला वेगळा संघ काढला आणि येलची हवा लागू नये म्हणून वेगळी शाळा काढली. टायलर तिचे पहिले अध्यक्ष.

आपल्या बायकांना हा वाद परका वाटू नये. सगळं ठरलेलं असतं की माणसाच्या पुरुषार्थाने काही होतं, हा प्रश्न भगवान महावीर आणि आजीवक गोशालक यांच्यातला. सद्दालपुत्र कुंभाराची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते: ही मडकी कष्टाशिवाय झाली का, असं भगवान त्याला विचारतात. आणि इतकं मागं तरी कशाला जायचं? निमित्त मोठं की उपादान, पर्याय क्रमबद्ध आहे की नाही, यावरून गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपल्या दिगंबर समाजातच किती गावांत दोन तट पडले, किती ठिकाणी एकाच बसदीत दोन स्वाध्याय वेगळ्या वेळी बसू लागले, हे सांगायला पुस्तक लागत नाही. आमच्या गल्लीत दोन सख्ख्या जावा त्यापायी तीन वर्षं एकमेकींकडे हळदीकुंकवाला गेल्या नव्हत्या. क्रमबद्धपर्याय म्हणजे काय, हे त्या दोघींपैकी एकीलाही नीट सांगता आलं नसतं.

टेलर आणि टायलर पंचवीस-तीस वर्षं एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि गेले ते एकाच वर्षी. १८५८ च्या मार्चमध्ये टेलर, मे महिन्यात टायलर. न्यू हेवनहून ईस्ट विंडसरला गाडीने आज तासभर लागतो.

पुढची काही वर्षं भराभर सांगते, कारण त्यात फारसं नाट्य नाही. १८६५ मध्ये शाळा खेड्यातून हार्टफर्ड शहरात आली. ज्या भांडणासाठी ती निघाली ते नव्या पिढीला कळेनासं झालं. मिटवलं कुणीच नाही, ते आपोआप विझलं. आणि १८८९ मध्ये तिने बायकांना प्रवेश दिला, तिकडच्या सेमिनरींत सगळ्यांत आधी. जुन्या मताचं रक्षण करायला काढलेल्या शाळेने हे करावं याचं मला कौतुक वाटलं.

खरी गोष्ट सुरू होते ती डंकन ब्लॅक मॅकडोनल्ड या माणसापासून. ग्लासगोचा हा स्कॉटिश तरुण १८९२ मध्ये हार्टफर्डला हिब्रू आणि तिच्या बहीणभाषा शिकवायला आला. त्याचा जीव अडकला अरबीत. मुसलमान पंडितांचे ग्रंथ तो मुळातून वाचू लागला. इमाम गझालींचं चरित्र त्याने लिहिलं, १९०३ मध्ये इस्लामी धर्मशास्त्र आणि कायद्याच्या वाढीवर मोठं पुस्तक लिहिलं. अरबी सुरस गोष्टींचंही त्याला वेड. अलीबाबाच्या गोष्टीची अरबी पोथी ऑक्सफर्डमध्ये सापडली म्हणून त्याने ती हौसेने छापली. पुढच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की ती पोथी फ्रेंच गोष्टीवरून उलट अरबीत उतरवलेली होती. मोठ्या पंडितालाही असा चकवा बसतो म्हणून मला तो जास्तच आवडला.

पण त्याच्याकडे शिकायला कोण येत होतं? इजिप्त, सीरिया, हिंदुस्थानात जाऊन तिथल्या लोकांना ख्रिस्ती करू पाहणारे मिशनरी. १९११ मध्ये तिथे केनेडी स्कूल ऑफ मिशन्स निघालं, ते एका विधवा बाईने नवऱ्याच्या आठवणीसाठी दिलेल्या पैशातून. त्याच वर्षी सॅम्युएल झ्वेमर या मिशनऱ्याने मुसलमानांत धर्मप्रसार कसा करावा यासाठी एक त्रैमासिक काढलं, 'द मॉस्लेम वर्ल्ड'. १९३८ मध्ये तेही हार्टफर्डला आलं. म्हणजे ज्याला आज शांतीचं विद्यापीठ म्हणतात तिथे दुसऱ्याचा धर्म शिकवायला सुरुवात झाली ती तो धर्म जिंकण्यासाठी.

याचा आपल्याशी संबंध आहे, तो सांगून टाकते. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले पहिले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट. नॉट हा कनेटिकटच्याच एका काँग्रिगेशनल पाद्र्याचा मुलगा. त्यांच्याच मंडळाचं पुढे अहमदनगरचं मराठी मिशन झालं, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघालं, मुलींच्या शाळा निघाल्या. जिंकायला आलेल्या या माणसांना आधी मराठी शिकावी लागली. मराठी शिकता शिकता त्यांनी मराठीत छापलं, व्याकरणं चाळली, आपल्या बायकांच्या हातात पाटी दिली. हेतू एक होता, घडलं त्यापेक्षा पुष्कळ जास्त. आमच्या स्वाध्याय मंडळात हे बोलले तेव्हा एकजण म्हणाली, "पण शेवटी धर्म बदलायलाच आले होते ना?" होय, त्यासाठीच आले होते. ते लपवायचं कारण नाही.

मॅकडोनल्डच्या वर्गातही तेच घडलं असावं असं मला वाटतं. माणूस वीस वर्षं दुसऱ्याची भाषा शिकवतो, त्याची स्तोत्रं आणि त्याचे वाद वाचतो, आणि हळूहळू त्याला हरवण्याची घाई उरत नाही. त्रैमासिकाचं पाहा. १९४८ मध्ये 'मॉस्लेम'चं 'मुस्लिम' झालं. एका शब्दाचं स्पेलिंग बदललं, एवढंच. पण लोक स्वतःला जे म्हणवतात ते म्हणायला शिकणं ही लहान गोष्ट नाही. आम्ही बेळगावकर हे चांगलं जाणतो. गावाच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की आमच्याकडे पाट्यांना काळं फासलं जातं.

१९७२ साल आलं आणि सेमिनरी बुडायच्या बेताला आली. विद्यार्थी घटले, पैसा आटला. वसतिगृहात राहून पाद्री होण्याचा जो मूळ अभ्यासक्रम, ज्यासाठी टायलरनी शाळा काढली होती, तोच बंद करायचं ठरलं. प्राध्यापकांना निरोप दिला. दोन लाखांहून जास्त पुस्तकं अटलांटाच्या एमरी विद्यापीठाला विकली. दगडी जुन्या इमारतीही गेल्या, आज तिथे कनेटिकट विद्यापीठाचं कायद्याचं कॉलेज आहे. संसार मोडताना बाई जसं एकच भांडं पदराखाली धरून ठेवते, तसं त्यांनी एक ठेवलं: इस्लामचा अभ्यास. १९७३ मध्ये विलेम बिलेफेल्ट यांनी मॅकडोनल्डच्या नावाने केंद्र काढलं, इस्लाम आणि ख्रिस्ती-मुस्लिम संबंधांसाठी. शब्द बघा, 'संबंध'. प्रसार नाही. १९८१ मध्ये रिचर्ड मायर या वास्तुकाराने बांधलेली ती पांढरी इमारत उभी राहिली. आता कायद्याचं कॉलेज आणि ही इमारत जवळजवळ समोरासमोर आहेत. इकडे खटले लढवणारे तयार होतात, तिकडे ते मिटवणारे.

त्यानंतर दारं एकेक करून उघडली. १९९० मध्ये बार्बरा ब्राऊन झिकमुंड या बाई अध्यक्ष झाल्या. १९९१ मध्ये इब्राहिम अबू-रबी हे मुसलमान विद्वान कायम प्राध्यापक झाले. पाद्र्यांच्या शाळेत मुसलमान प्राध्यापक, आणि तो पाहुणा म्हणून नव्हे! १९९८ मध्ये इन्ग्रिड मॅटसन आल्या. कॅनडात कॅथलिक घरात वाढलेल्या, पुढे मुसलमान झालेल्या. त्यांनी इस्लामी चॅप्लिनचा अभ्यासक्रम उभा केला. चॅप्लिन म्हणजे इस्पितळात, तुरुंगात, कॉलेजात माणसाच्या अडीअडचणीला धर्माचा आधार देणारा. मरणाच्या दारात असलेल्या मुसलमान बाईजवळ बसायला कुणीतरी तिच्या धर्माचं हवं, आणि त्याचं शिक्षण देते एक ख्रिस्ती सेमिनरी. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत मुसलमानांकडे बघण्याची नजर बदलली तेव्हा या कामाची किंमत कळली. त्याच वर्षांत परदेशातल्या, विशेषतः जिथे धर्मावरून रक्त सांडतं अशा देशांतल्या तरुणांना बोलावून शांतिकार्याचं शिक्षण देणारा कार्यक्रम सुरू झाला. त्याचाच वाढून आज एका वर्षाचा एम.ए. झाला आहे.

या सगळ्यात मी ज्या माणसापाशी सगळ्यांत जास्त वेळ थांबले तो एक ज्यू शिक्षक, येहेझकेल लांडाउ. इस्रायलहून हार्टफर्डला आले आणि त्यांनी ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान अशा तिघांना एकत्र बसवून आठवडाभराचे वर्ग चालवले. एकमेकांच्या प्रार्थनेला जायचं, एकमेकांचे ग्रंथ एकमेकांसमोर वाचायचे. हे त्यांनी पुस्तकातून आणलेलं नव्हतं, स्वतःच्या घरातून आणलं होतं.

त्यांची पत्नी दालिया. रामले गावात एक दगडी घर, अंगणात लिंबाचं झाड. दालिया तान्ही असताना तिचे आईवडील बल्गेरियातून येऊन त्या घरात राहिले. घर रिकामंच होतं. १९६७ च्या युद्धानंतर एके दिवशी दारात तीन अरब तरुण उभे. त्यातला एक बशीर खैरी. तो म्हणाला, हे माझ्या वडिलांनी १९३६ साली बांधलेलं घर, आम्ही आत येऊन बघू का? १९४८ मध्ये त्यांना गावातून घालवून दिलं होतं. एकोणीस वर्षांची मुलगी घरात एकटी. तिने दार उघडलं.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा पुस्तक खाली ठेवलं आणि उठून चहा टाकला. आपल्या दारात कुणी येऊन म्हणालं, हे घर माझं आहे, तर मी काय केलं असतं? कडी लावली असती.

पुढे बशीरचे डोळे गेलेले वृद्ध वडीलही एकदा आले, अंगणातल्या लिंबाला हात लावून रडले. गोष्ट इथे गोड संपत नाही. १९६९ मध्ये जेरुसलेममधल्या एका दुकानात बॉम्बस्फोट झाला, माणसं मेली, आणि त्या प्रकरणी बशीरला पंधरा वर्षं तुरुंग झाला. १९८८ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं. दालियाने तेव्हा वर्तमानपत्रात त्याच्या नावे उघडं पत्र लिहिलं. त्यात त्याने केलेलं पोटात घातलं नाही आणि त्याच्यावर झालेलंही लपवलं नाही. आईवडील गेल्यावर घराचं काय करायचं, हे तिने बशीरला विचारलं. १९९१ मध्ये त्या घरात अरब मुलांची बालवाडी आणि ज्यू-अरब भेटींचं केंद्र सुरू झालं. 'ओपन हाउस' हे त्याचं नाव. हक्काचा वाद सुटला नाही, आजही सुटलेला नाही. पण घर वापरात आलं.

हार्टफर्डच्या या वर्गांवर माझा एक आक्षेप आहे. त्यांचं भावबंधन तिघांपुरतं, एकाच अब्राहामाच्या तीन लेकरांचं. आपल्यासारख्यांची, ज्यांना जगाचा कर्ता ईश्वरच मान्य नाही, त्यात जागा कुठे? दुसरीकडे हेही खरं, की ते घरच्या भांडणापासून सुरुवात करतात. आपण अनेकान्तवादावर जगाला व्याख्यानं देतो, हत्तीची आणि सात आंधळ्यांची गोष्ट पाठशाळेतल्या पोरांना पाठ असते. आपल्यात शांतीचं शिक्षण देणारी संस्था नाही असंही नाही. राजस्थानात लाडनूंला आचार्य तुलसींच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या जैन विश्वभारतीला १९९१ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथे अहिंसा आणि शांती हा स्वतंत्र विभाग आहे, समणीजी परदेशांत जाऊन शिकवतात. मला त्यांचा अभिमान आहे. पण ते तेरापंथी, मूर्ती न मानणारे. मूर्तीच्या भांडणात ते मुळातच नाहीत. भांडणारे आम्ही दोघं, मी आणि विहीणबाई.

शिरपूरला मी १९९८ मध्ये आईला घेऊन गेले होते. वाशीम जिल्ह्यातलं ते लहानसं गाव. १९८१ पासून देवळाला कुलूप. मूर्तीवर लेप करायचा, आणि लेपात कटिसूत्र नि कछोटा दाखवायचा की नाही, यावरून दोन समाज कोर्टात. झरोक्यातून दर्शन घ्यायचं. आई गुडघ्यांनी अधू, वाकून झरोक्याला डोळा लावायला तिला मीच धरलं. आत अंधार होता. "दिसले का?" मी विचारलं. "दिसले असं म्हणायचं," आई म्हणाली. २०१९ मध्ये ती गेली, तोवर कुलूप तसंच.

फोनवर विहीणबाई म्हणत होत्या की लेप झाला नाही तर मूर्ती झिजेल, आणि मी म्हणत होते की कछोटा काढलात तर ती आमची मूर्ती उरणार नाही. दोघींचंही खरं होतं, हे मी आता लिहिते आहे. तेव्हा दोघींनी फोन ठेवला होता. आणि दोघींनाही ठाऊक नव्हतं, ते मी नंतर वाचलं: आपल्या आजे-पणज्यांनी १९०५ सालीच यावर तोडगा काढला होता. पूजेच्या वेळा वाटून घेतल्या, तीन-तीन तास. मग तोही अपुरा वाटला, खटला चालला आणि १९२९ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. अहिंसेचे उपासक देवाच्या कंबरेच्या दोऱ्यासाठी साहेबाच्या कोर्टात!

२०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला, मार्चमध्ये बेचाळीस वर्षांनी दार उघडलं. विहीणबाईंनी आनंदाने फोन केला. मी मनापासून आनंदी नव्हते, पण आईची आठवण येऊन रडले. आठवडाभरात पुन्हा देवळात हमरीतुमरी झाल्याच्या बातम्या आल्या. त्या दिवशी फोन मी केला. आम्ही दोघीही बराच वेळ काही बोललो नाही. मग मी त्यांना त्या लिंबाच्या झाडाची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या मुलीने दार उघडलं तेव्हा तिची आई घरात नव्हती, म्हणूनच जमलं असेल, नाही?" मला हे सुचलं नव्हतं.

लेक येत्या दिवाळीला येणार आहे. ती आली की तिघींनी शिरपूरला जायचं ठरलंय. पूजेची वेळ कुणाची आधी निघते ते तिथे गेल्यावर बघू. त्यांची आधी निघाली तर मी बाहेर ओट्यावर बसेन, आमची निघाली तर त्या बसतील. चपला सांभाळायला कुणीतरी लागतंच.